आमच्या गावचं शिबिर उत्साहात संपन्न

आमच्या फाट्यावर पेपर सकाळी साडेसहाला येतो. सिरसाळ्याकडून येणारा काळ्या-पिवळ्या वडाप जीपचा ड्रायव्हर गाडी थांबवत नाही, नुसती हळू करतो आणि खिडकीतून गठ्ठा माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढे भिरकावतो. गेली आठ वर्षं मी त्या गठ्ठ्यावर अक्षरशः झडप घालते आहे. पेपरची एजन्सी माझी, गावची वार्ताहरही मीच. सुतळीची गाठ सोडण्याइतका धीर मला नाही, म्हणून शटरच्या कडीलाच कात्री टांगून ठेवली आहे. गाठ कापली की आधी पान पाच. पान पाच म्हणजे ग्रामीण, म्हणजे आमचं. मुंबईत सरकार पडलं असलं तरी ते पहिल्या पानावर निवांत पडलेलं असतं, मी नंतर बघते.

हसायचं असेल तर हसा. स्वतः लिहिलेली ओळ छापून आलेली बघणं काय असतं ते एकदा अनुभवा आणि मग हसा. माझी पहिली बातमी शाळेपुढच्या बंद हातपंपाची होती, सात ओळींची. दोन वर्षं अर्ज करून जो माणूस आला नव्हता, तो बातमीनंतर तिसऱ्या दिवशी पाना घेऊन हजर झाला. पंपाला पाणी आलं तेव्हा मी रस्त्यावर उड्या मारल्या होत्या, आणि माझं वय तेव्हा छत्तीस होतं.

मोठ्या शहरांतले पेपर आमच्याकडे येतात ते दुष्काळ पडला किंवा कुणाचं डोकं फुटलं की. बाकी दिवस आम्ही नसतोच. आमच्या आठ पानी पेपरात मात्र आम्ही रोज असतो. कुणाची मुलगी नर्सिंगला लागली, कुठल्या वस्तीवर तीन दिवस लाईट नाही, परळीच्या स्टेशनवर कुणाची पिशवी कुणाला सापडली आणि त्यानं ती कशी परत केली, हे दुसरं कोण छापणार? या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण एक खोट आहे, ती मीच सांगते. आमच्या पेपरला कार्यक्रम लागतो. हार, नारळ, बॅनर आणि खाली ‘आदी मान्यवर उपस्थित होते’. जिथं नारळ फुटत नाही तिथं काय चाललंय हे आम्हाला लवकर कळत नाही.

आणि दुसरी खोट त्याहून मोठी. पान पाच दुपारी दोनला लागतं, म्हणजे त्याची मांडणी पक्की होऊन ते छपाईला जातं. आमच्याकडचा कुठलाही कार्यक्रम चारच्या आत सुरू झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मग उद्याच्या पेपरात बातमी यायची कशी? सोपं आहे. कार्यक्रम व्हायच्या आधीच ती पाठवायची. ‘उत्साहात संपन्न झाला’ असं बारा वाजता लिहायचं आणि चारला जाऊन बघायचं. हे आमच्यात गुपितसुद्धा नाही. प्रमुख पाहुणे व्यासपीठावर चढताना मला विचारतात, “ताई, बातमी गेली का?” गेली म्हटलं की मग निर्धास्तपणे नारळ फोडतात. मी अशा शंभरेक बातम्या पाठवल्या असतील, आणि प्रत्येक कार्यक्रमानं माझी लाज राखली होती.

एका कार्यक्रमानं नाही राखली. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली ही गोष्ट.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा वाढदिवस होता. त्यांना सगळेच भाऊ म्हणतात, मीही म्हणते. त्यानिमित्त गावात जनावरांचं मोफत लसीकरण शिबिर ठरलं. मारुतीपुढे मंडप उभा राहिला, बॅनर लागला. माझ्याकडे कार्यकर्त्यांनी नावांची यादी आणून दिली. त्याच दिवशी माझ्या चुलत बहिणीचं डोहाळजेवण होतं, दुसऱ्या गावी. मी साडेअकरालाच बातमी पाठवून दिली. फोटोशिवाय चार कॉलम मिळत नाहीत, म्हणून मोबाईलमधला मागच्या साली शेजारच्या गावच्या शिबिरात काढलेला फोटो जोडला. डॉक्टर एका म्हशीला सुई टोचताहेत, म्हैस सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे. फोटो झकास होता. मी हिरवी साडी नेसून डोहाळजेवणाला गेले आणि पुरणपोळ्या खाऊन संध्याकाळी परत आले. शिबिराचं काय झालं, हे कुणाला विचारलंही नाही.

सकाळी गाठ कापली. चार कॉलम! पान पाचच्या डोक्यावर! ‘लसीकरण शिबिर उत्साहात संपन्न, शेकडो जनावरांना लाभ.’ मी शटर अर्धवट उघडं ठेवून ती बातमी तीनदा वाचली.

चौथ्यांदा वाचत होते तेवढ्यात गावाबाहेरच्या वस्तीवरची मेंढपाळ मावशी काठी टेकत आली. तिला आणि तिच्या नवऱ्याला मेंढरांशिवाय दुसरा धंदा नाही, आणि नवरा गुडघ्यांनी बसलेला, त्यामुळे सगळा कळप तीच हिंडवते. तिला वाचता येत नाही. हॉटेलात कुणीतरी तिला बातमी वाचून दाखवली होती.

“आगं ए पेपरवाली,” ती लांबूनच ओरडली, “माझ्या मेंढरायला तू कवा सुई टोचली गं?”

“मी कशाला टोचू मावशी? काल डॉक्टर आलते की.”

“कोण आलतं? दिस बुडस्तोर मंडपात बसले मी मेंढरं घिऊन. ना डाक्टर आला, ना तुझा भाऊ आला. नुस्ता बॅनर व्हता, त्यो बी एका बाजूनं सुटला.” मग तिनं माझ्या हातातला पेपर ओढला आणि फोटोवर बोट ठेवलं. “आन् ही म्हैस कावून छापली? ही तर माझ्या भावाची. कपाळावरचं चांदणं बघ की. दिवाळीलाच इकली तिला.”

हॉटेलातली चार माणसं तोवर मागे येऊन उभी होती. ती अशी हसली की मला शटर खाली ओढून आत बसावंसं वाटलं. पण मावशी हसत नव्हती.

“लई वाईट केलं बग तू,” ती म्हणाली. “पाऊस पडला की कवळं गवत येतं. ते खाल्लं की मेंढरं पोट फुगून पटापट पडतेत. मागच्या सालाला माझी अकरा गेली. सुई पावसाच्या आधीच लागती, मागून टोचून उपेग न्हाई. आता मी काय करू?”

त्या रोगाला आंत्रविषार म्हणतात हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त अकरा हा आकडा कळला.

मी दुकान तसंच टाकून तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि तालुक्याच्या ठिकाणी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं कारकून होते, भला माणूस. त्यांनी सांगितलं की लस घेऊन येणारी गाडी वाटेत बंद पडली, म्हणून काल कुणी पोचलं नाही. “आज येणार होती की तुमच्याकडं.”

“मग?”

“मग काय, साहेबांनी सकाळी पेपर वाचला. तुमच्या गावचं शिबिर झालेलं. त्यांना वाटलं, कुणीतरी परस्पर सोय केली असंल. यादीत तुमच्या गावावर टिक केली अन् गाडी पुढच्या गावाला पाठवली.”

“अहो, पण ते खोटं आहे!”

“खोटं कसं म्हणता म्याडम? तुमच्याच पेपरात आलंय. फोटोसकट.”

मी म्हणाले, मी स्वतः वार्ताहर, मी तोंडी सांगते की शिबिर झालं नाही. त्यांनी मान हलवली. यादी वर गेली होती. तोंडी सांगण्यावरून टिक खोडता येत नव्हती, फायलीला काहीतरी लावावं लागणार होतं. “खुलासा छापून आणा,” ते म्हणाले. “कात्रण आणा, मी आज्जच्या आज पुन्हा मागणी टाकतो. पण लवकर करा. लस मोजकी आलीय.”

बाहेर येऊन मी संपादकांना फोन लावला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे उत्साहानं उचलला. “चार कॉलम दिले ताई! खूश का?” मी सगळं सांगितलं.

“आपण खुलासा छापत न्हाई,” ते म्हणाले.

“सर, मेंढ्या मरतील.”

“ताई, आपला पेपर लोक कावून घेतात? आपल्यात आलं ते खरं, म्हणून. एकदा का चुकलो म्हणून छापलं, तर मागचं सगळं बी लोक तपासायला लागतील. अन् भाऊंची पानभर जाहिरात गेलीय त्याच अंकात. भाऊ आलेच न्हाई असं मी दुसऱ्या दिवशी छापू?”

मी फोन आपटणारच होते, पण फोन माझाच होता. मावशी शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं एवढंच विचारलं, “न्हाई म्हणला का?” आणि मला त्या माणसाचा असा काही राग आला की मी तिला गावाच्या जीपमध्ये बसवून दिलं, स्कूटी दवाखान्याच्या आवारात लावली आणि समोर आलेली बीडची एसटी पकडली.

आमच्या पेपरचं ऑफिस म्हणजे बीडमधल्या एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. सहा वर्षांत मी तिथं दोनदाच गेले होते. एक वाजत आला होता, पान लागायला अजून तासभर होता, आणि संपादक स्वतःच जाहिरातीचा मजकूर लावत बसले होते. मला बघून ते उभे राहिले, चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी भांडले, चहा पितानाही भांडले. मी त्यांना म्हणाले, तुमच्या पेपरात आलं ते खरं असं लोकांना वाटतं, हे अगदी बरोबर आहे, एका साहेबांना तसंच वाटलं आणि म्हणून एका बाईचा कळप मरणार आहे. ते म्हणाले, चूक तुमची. मी म्हणाले, हो, माझी, मग तेच छापा! ते म्हणाले, पेपर चुकला असं मी छापणार न्हाई.

“पेपर चुकला असं नको. मी चुकले असं छापा.”

त्यांनी चष्मा काढला. आमच्या पेपरात बातमीवर नाव नसतं. वर ‘वार्ताहर’ एवढंच असतं, मग तो कुठलाही असो. “नाव टाकावं लागंल,” ते सावकाश म्हणाले. “तुमचं. गावासकट. मग भाऊंच्या लोकांनी बोलवणं बंद केलं तर माझ्याकडं यायचं न्हाई.”

मला खरंच भीती वाटली. गावात राहायचं, त्याच लोकांच्या लग्नपत्रिका टाईप करायच्या. पण भीतीच्या बरोबरीनं आणखी काहीतरी अंगात चढत होतं, आणि ते मी लपवत नाही, तो आनंद होता. मी तिथंच, त्यांच्याच कागदावर लिहून दिलं. तीनदा खोडलं. शेवटी उरलं ते असं: आमच्या गावात लसीकरण शिबिर झालेच नाही. बातमी मी शिबिराच्या आधी लिहिली होती. फोटोतील म्हैस दुसऱ्या गावची व मागच्या वर्षीची आहे. गावातील एकाही जनावराला लस टोचलेली नाही. पावसाआधी ती टोचणे गरजेचे आहे. खाली माझं पूर्ण नाव.

संपादकांनी वाचलं. “म्हैस ठेवायची का?” त्यांनी विचारलं. “ठेवायची,” मी म्हणाले. त्यांना हसू आलं, आणि तिथंच आमचं भांडण मिटलं.

सकाळी मी साडेपाचलाच फाट्यावर जाऊन उभी राहिले. गठ्ठा पडला. पान पाचवर, खाली, क्लासच्या जाहिरातीला चिकटून, एक कॉलम. माझं नाव! सहा वर्षांत पहिल्यांदा छापून आलेलं माझं नाव, आणि ते कबुलीजबाबाखाली! मला रडू आणि हसू एकदमच आलं.

चार कॉलमी बातम्या आमच्याकडे लोक नजरेखालून घालतात, आपलं नाव आहे का बघतात आणि त्यावर भजी खातात. ही एक कॉलमी चौकट मात्र हॉटेलात मोठ्यानं वाचली गेली, तीही पुन्हा पुन्हा. आठ वाजेपर्यंत माझे सगळे अंक संपले. कधी पेपर न घेणारे लोक अंक मागायला आले. “ताई, आमच्या जयंतीच्या बातमीचं बी बघा, मिरवणूक खरंच निघाली होती का?” असली थट्टा दिवसभर चालली. एक म्हातारे तर म्हणाले, पेपरात खरं छापून येतं हे आज कळलं. मी सगळ्यांना उलट उत्तरं दिली आणि मनातून उड्या मारत होते.

अकराच्या सुमाराला भाऊंचा फोन आला. त्यांचा स्वतःचा. मी उभी राहून घेतला.

“ताई, हे काय छापलं तुमी?”

“भाऊ, खरं तेच छापलंय. शिबिर झालं नाही.”

“अहो, पण मी आलतो ना?”

“नाही भाऊ, तुमी आला नव्हता.”

पलीकडे ते कुणाला तरी विचारत असल्यासारखा आवाज आला. मग म्हणाले, “त्या दिवशी मी किती ठिकाणी नारळ फोडले ते मलाच ठाव न्हाई. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचं गाव वाचलं, मला वाटलं आलतो मी तिथं बी.” आणि ते खो खो हसत सुटले. मीही हसले, पण जरा उशिरा. ज्याच्या हातून उद्घाटन झालं असं मी छापलं, तो माणूसही माझ्याच बातमीवर विसंबून होता! इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकलेला मला झेपेना. मी खुर्चीत बसले. त्यांनी पुढे काही कानउघाडणी केली नाही. बोलवणं मात्र पुढचे सहा महिने आलं नाही, ते मी धरूनच चालले होते.

कात्रण घेऊन मी एसटीनं दवाखान्यात गेले. कारकुनांनी ते फायलीला लावलं, मागणी लिहिली, माझ्यादेखत फोन केला. मी तिथं अनोळखी माणसांसमोर टाळी वाजवली आणि आवारातली स्कूटी काढून शिट्टी वाजवत घरी आले.

पाचव्या दिवशी, सकाळी नऊला, लसीची पेटी घेऊन गाडी थेट मेंढपाळांच्या वस्तीवर आली. मंडप नव्हता, बॅनर नव्हता, नारळही नव्हता. नुसता गदारोळ. मेंढरं बें बें करत एकमेकांच्या पोटाखाली घुसत होती, कुत्री भुंकत होती, वस्तीवरच्या बाया पदर खोचून एकेक मेंढरू पकडून आणत होत्या. मीही पकडायला गेले. पहिल्या मेंढ्यानं मला सरळ शेणात पाडलं. डॉक्टर म्हणाले, ताई, तुम्ही लांब उभं राहून बातमी लिहा. मी म्हणाले, आज लांब उभी राहणार नाही. टोचून झालेल्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर मी गेरूचं बोट ओढत होते. दुपारपर्यंत माझी दोन्ही मनगटं लाल झाली होती. असा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. बातमी मी त्या दिवशी रात्री लिहिली, ती तिसऱ्या दिवशीच्या अंकात शिळी होऊन आली, आणि संपादक एका शब्दानं बोलले नाहीत.

पुढे पाऊस झाला. रानं हिरवी झाली. मी दर आठवड्याला स्कूटी काढून वस्तीवर जायचे. लस टोचली म्हणजे झालं असं कारकूनही म्हणाले होते, डॉक्टरही म्हणाले होते, पण मला आता कुणाच्या म्हणण्यावर लिहायचं नव्हतं. मावशीला माझी गंमत वाटायची. “आली का मेंढरं मोजायला?” असं म्हणून ती मला मेंढवाड्याच्या तोंडाशी उभी करायची आणि एकेक मेंढरू बाहेर सोडायची. ती चालत्या मेंढरांना अशी सहज मोजते की बघत राहावं. मला दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

श्रावण संपता संपता तिनं शेवटची मोजदाद करून दिली. चौसष्ट. पेटी आली तेव्हाही चौसष्टच होती. वस्तीवरच्या इतर कुणाचंही एकसुद्धा मेंढरू त्या रोगानं गेलं नव्हतं. मी तिथूनच संपादकांना फोन लावला.

“मेंढ्या मेल्या न्हाईत?” ते म्हणाले. “मग बातमी काय हाय त्यात?”

“हीच बातमी आहे सर. मागच्या साली अकरा मेल्या होत्या.”

“कार्यक्रम काय झाला का?”

“काहीच झालं नाही. तेच सांगतेय!” मी इतक्या जोरात ओरडले की वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली.

त्यांनी ओळी किती ते विचारलं. मग म्हणाले, पाठवा.

चार ओळी आल्या, पान पाचवर, अगदी तळाला. मी कात्रणासाठीही थांबले नाही, अख्खा अंक घेऊन वस्तीवर गेले. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. चौसष्ट या शब्दावर तिनं मला थांबवलं, मागे वळून कळपावर एक नजर फिरवली, तिचे ओठ हलले, आणि मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “हां. खरं हाय.”